५९ गोळ्या, १७ दिवसांचं उपोषण आणि एक वस्ती : सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशनची गोष्ट

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

नवीन ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्यांत ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक पुण्यात केलं आणि आता कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नोकरी करते. एरवी या पॉडकास्टवर मी कोडिंग, व्हिसा, इंटरव्ह्यू असल्या गोष्टींवर बोलते. आज मात्र जिथे आपल्यासारखे इंजिनिअर वीकेंडला टाको खायला जातात, त्या वस्तीबद्दल बोलायचंय. तिचं नाव मिशन. पोलिसांनी गोळी झाडली तर त्याचा जाब कोण विचारणार, हा प्रश्न या वस्तीने वर्षानुवर्षं लावून धरला, त्याची ही गोष्ट.

आधी वस्ती डोळ्यांसमोर आणूया. मिशन म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोमधला लॅटिनो लोकांचा जुना भाग. मेक्सिको, एल साल्वादोर, निकाराग्वा, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेत यादवी युद्धं पेटली, तेव्हा तिथून जीव वाचवून आलेले कितीतरी लोक इथेच स्थिरावले. २४ व्या रस्त्यावरून चालत गेलात तर बेकऱ्या, टाकेरिया, फळांची दुकानं आणि भिंतीभिंतींवर म्युरल्स दिसतात. बाल्मी गल्ली तर अख्खी चित्रांनीच भरलेली आहे.

आणि याच वस्तीत आपण आलो. आपण म्हणजे टेकवाले. साधारण २०१० नंतर पगार वाढले, स्टार्टअप वाढले आणि भाडीही वाढली. जुनी बिऱ्हाडं घराबाहेर पडू लागली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये व्हॅलेन्सिया आणि २४ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आंदोलकांनी गूगलच्या कर्मचाऱ्यांची बस अडवली होती. तो फोटो तेव्हा जगभर फिरला. पुढे २०१४ च्या मे महिन्यात शहराने २४ व्या रस्त्याच्या परिसराला ‘लॅटिनो सांस्कृतिक परिसर’ अशी अधिकृत मान्यता दिली. म्हणजे एकीकडे फलक लागत होता आणि दुसरीकडे ज्यांच्या संस्कृतीचा फलक, ती माणसं सामान बांधत होती.

या दोन घटनांच्या मधे, २१ मार्च २०१४ च्या संध्याकाळी, ॲलेक्स निएतो मारला गेला.

ॲलेक्स २८ वर्षांचा होता. आई-वडील मेक्सिकोहून आलेले. मिशनला लागून बर्नल हाइट्स नावाची टेकडी आहे, तो तिच्याच परिसरात लहानाचा मोठा झाला. सिटी कॉलेजमध्ये शिकत होता आणि रात्री एका नाइटक्लबमध्ये सुरक्षारक्षकाचं काम करत होता. त्या कामासाठी त्याच्याकडे टेझर असायचा. टेझर म्हणजे विजेचा झटका देणारं उपकरण, दिसायला पिस्तुलासारखं. कामावर जाण्याआधी तो टेकडीवर बसून बरिटो खात होता. अंगात शहराच्या फुटबॉल टीमचं लाल जॅकेट.

तिथे एक कुत्रा त्याच्या खाण्यामागे लागला. कुत्र्याचा मालक लांब होता. त्या दोघांत बाचाबाची झाली आणि ॲलेक्सने टेझर बाहेर काढला. ते प्रकरण तिथेच मिटलं. थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या दुसऱ्याच एका जोडप्याला तो अस्वस्थपणे येरझाऱ्या घालताना दिसला. कमरेला काहीतरी काळं होतं. त्यांच्यापैकी एकाने ९११ ला फोन केला. आपल्याकडचा ११२, तसा तिकडचा ९११. या माणसाजवळ बंदूक आहे, असं सांगितलं गेलं.

पोलीस आले. चौघांनी मिळून ५९ गोळ्या झाडल्या. त्यातल्या किमान १४ त्याला लागल्या.

पोलिसांचं म्हणणं असं, की हात दाखव म्हटल्यावर त्याने टेझर आमच्यावर रोखला आणि आम्हाला ती बंदूक वाटली. घटना पाहिलेल्या एका साक्षीदाराने कोर्टात वेगळं सांगितलं. त्याचे हात खिशात होते, त्याने काही रोखलेलं मी पाहिलं नाही, असं तो म्हणाला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीय, कारण ती आपल्या धंद्यातली आहे. टेझरमध्ये एक छोटं घड्याळ असतं आणि ट्रिगर कधी ओढला याचा लॉग त्यात साठतो. पुढे खटल्यात हा लॉग आला. पण टेझरचं घड्याळ आणि पोलिसांच्या रेडिओची वेळ यांचा मेळ कसा लावायचा, त्या घड्याळात किती सेकंदांचा फरक पडलेला असेल, यावर वाद झाला. सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळ जुळत नाही म्हणून आपण ऑफिसात डोकं धरून बसतो ना, तोच प्रश्न. फक्त इथे त्या सेकंदांवर एका माणसाच्या मृत्यूचा अर्थ ठरत होता. त्याने आधी ट्रिगर ओढला की नाही, हे त्या सेकंदांत होतं. ‘डेटा खोटं बोलत नाही’ असं आपण सहज म्हणतो. डेटा बोलतच नाही हो! त्याच्या वतीने कुणीतरी बोलतं. मग ते कोण बोलतंय, हे विचारावं लागतं.

आता वस्तीने काय केलं ते बघा.

घटनेनंतर चारच दिवसांत पोलीसप्रमुख ग्रेग सर यांनी एका शाळेत सभा घेतली. (‘सर’ हे त्यांचं आडनाव बरं का, आपलं मास्तरांचं सर नव्हे.) सभेला लोक खच्चून आले. ज्या चौघांनी गोळ्या झाडल्या त्यांची नावं काय, हा साधा प्रश्न होता. ती नावं बाहेर यायला २०१५ उजाडलं. तोपर्यंत मित्रांनी, शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून एक गट उभा केला होता. टेकडीवर जिथे ॲलेक्स पडला तिथे फुलं, मेणबत्त्या आणि फोटो ठेवून छोटी वेदी केली. ती कुणीतरी मोडायचं, हे लोक परत मांडायचे. परत मोडायचे, परत मांडायचे.

२०१५ च्या फेब्रुवारीत जिल्हा सरकारी वकिलांनी पोलिसांवर गुन्हा दाखल करणार नाही असं जाहीर केलं. मग उरला दिवाणी खटला, तो आई-वडिलांनी फेडरल कोर्टात लढवला. मार्च २०१६ मध्ये तो उभा राहिला. वस्तीतले लोक कामावर रजा टाकून कोर्टात येऊन बसत होते. १० मार्चला ज्युरीने एकमताने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला.

बऱ्याच गोष्टी इथेच संपतात, निकाल लागतो आणि लोक घरी जातात. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत पोलिसांच्या बळाच्या वापराबद्दल सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा एक निर्णय आहे, ग्रॅहम विरुद्ध कॉनर. त्याचा सारांश असा, की बळाचा वापर योग्य होता की नाही हे त्या क्षणी त्या जागी असलेल्या एका समंजस पोलिसाच्या नजरेतून बघायचं. नंतर कळलेल्या गोष्टी धरून नाही. म्हणजे कोर्टापुढचा प्रश्न फार अरुंद होतो. त्या दोन-चार सेकंदांत या पोलिसांना भीती वाटणं रास्त होतं का, एवढाच.

वस्तीचा प्रश्न रुंद होता. ते दोन-चार सेकंद आलेच कसे? लांब थांबून, आडोशाला उभं राहून, वेळ घेऊन बोलता आलं नसतं का? फोन करणाऱ्याला तो माणूस संशयास्पद का वाटला? जो पोरगा याच टेकडीवर खेळून मोठा झाला, तो तिथे परका कधीपासून झाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोर्ट देतं. दुसऱ्या प्रश्नांचं उत्तर कोर्टात मिळत नाही, त्यासाठी नियम बदलावे लागतात. आणि नियम सिटी हॉलमध्ये बदलतात. वस्तीने हे ओळखलं होतं.

दुर्दैवाने तोवर यादी वाढत गेली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये मिशनच्या फॉल्सम रस्त्यावर अमिल्कार पेरेझ-लोपेझ मारला गेला. ग्वाटेमालाहून आलेला, विशीतला पोरगा, कमावून घरी पैसे पाठवायचा. तो चाकू घेऊन साध्या वेशातल्या पोलिसांच्या अंगावर धावला, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. शवविच्छेदनात गोळ्या मागच्या बाजूने लागल्याचं दिसलं. पाहिलेल्या लोकांना पुढे यायची भीती वाटत होती, कारण ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना पोलीस आणि इमिग्रेशन यांत फरक करणं परवडत नाही. तेव्हा चर्चमधली माणसं आणि शेजारी साक्षीदारांच्या पाठीशी उभे राहिले आणि पोलीस ठाण्यासमोर मेणबत्त्या घेऊन जमू लागले. २०१७ मध्ये याही प्रकरणात आरोप ठेवणार नाही, असाच निर्णय आला.

डिसेंबर २०१५ मध्ये शहराच्या बेव्ह्यू भागात मारियो वुड्स या कृष्णवर्णीय तरुणाला पाच पोलिसांनी गोळ्या घातल्या. याचा मोबाइल व्हिडिओ निघाला आणि शहर पेटून उठलं. ७ एप्रिल २०१६ ला मिशनमध्येच शॉटवेल रस्त्यावर लुईस गोंगोरा पात मारला गेला. मेक्सिकोच्या युकातानमधला माया माणूस, ४५ वर्षांचा, बेघर होऊन तंबूत राहणारा. पोलीस गाडीतून उतरल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत गोळ्या सुटल्या, हे सीसीटीव्हीत दिसलं. त्याच सुमारास पोलिसांनी एकमेकांना पाठवलेले वर्णद्वेषी मेसेजही उघड झाले होते.

आणि मग २१ एप्रिल २०१६. मिशन पोलीस ठाण्यासमोर, व्हॅलेन्सिया रस्त्यावरच्या फुटपाथवर, पाच जण उपोषणाला बसले. मागणी एकच, पोलीसप्रमुखांनी जावं.

उपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान, मांडव, टीव्हीचे कॅमेरे येतात. इथे तसं काही नव्हतं. फुटपाथ, खुर्च्या आणि ब्लँकेटं. पाचांमधे मारिया क्रिस्तिना गुतिएरेझ या ६६ वर्षांच्या बाई होत्या, मिशनमध्ये लहान मुलांची शाळा चालवणाऱ्या. त्यांचा मुलगा, इक्विप्टो नावाने गाणारा रॅपर, तोही शेजारीच उपाशी. आई आणि मुलगा एकाच उपोषणाला! बाकीचे तिघे सेलासी ब्लॅकवेल, आइक पिंकस्टन आणि एडविन लिंडो. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘फ्रिस्को फाइव्ह’. एक गोष्ट लक्षात घ्या, या पाचांत लॅटिनो होते तसे कृष्णवर्णीयही होते. ॲलेक्सचं दुःख आणि मारियोचं दुःख वेगवेगळं मोजायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

उपोषण १७ दिवस चाललं. मधे एक दिवस शेकडो लोकांनी त्यांना व्हीलचेअरवर बसवून सिटी हॉलपर्यंत मोर्चा नेला. महापौर एड ली ऑफिसात नव्हते. शेवटी तब्येती ढासळल्या, सगळ्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि ७ मे रोजी उपोषण सुटलं. पोलीसप्रमुख खुर्चीतच होते.

म्हणजे हरले? १९ मे च्या सकाळी बेव्ह्यू भागात चोरीच्या गाडीत बसलेल्या जेसिका विल्यम्स या २९ वर्षांच्या नि:शस्त्र तरुणीला पोलिसाची गोळी लागली आणि ती गेली. काही तासांत महापौरांनी राजीनामा मागितला आणि ग्रेग सर पायउतार झाले. मला हा विजय म्हणवत नाही. एक जीव गेल्यावर ही मागणी मान्य झाली. पण हेही खरं, की त्या दिवशी महापौरांवर जो दबाव होता तो एका दिवसात तयार झालेला नव्हता.

आता जरा कंटाळवाणा भाग. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, तेव्हा फास्ट फॉरवर्ड करू नका.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पोलिसांवर देखरेख करणारं सात नागरिकांचं एक पोलीस कमिशन आहे. चार सदस्य महापौर सुचवतात, तीन नगरमंडळ. पोलिसांचे नियम हे कमिशन ठरवतं. बुधवारी संध्याकाळी बैठक असते आणि कुणीही उठून बोलू शकतं. बोलायला मिळतात साधारण दोन मिनिटं. वस्तीतले लोक जात राहिले. दोन मिनिटं बोलायची, बेल वाजली की बसायचं, पुढच्या वेळी परत यायचं.

याचा परिणाम काय? जून २०१६ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने ठरवलं, की पोलिसांच्या गोळीने कुणी जखमी झालं किंवा मेलं, तर तक्रार येवो न येवो, नागरी तपास यंत्रणेने चौकशी करायलाच हवी. आधी तक्रार आली तरच चौकशी व्हायची. विचार करा, मेलेला माणूस तक्रार करायला कुठून येणार? त्याच नोव्हेंबरमध्ये या यंत्रणेचं नाव बदलून ‘पोलीस उत्तरदायित्व विभाग’ असं केलं गेलं आणि तिचे अधिकारही वाढवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने शहर पोलिसांचा अहवाल दिला, त्यात २७२ शिफारशी होत्या. डिसेंबरमध्ये कमिशनने बळाच्या वापराचे नवे नियम मंजूर केले. आधी वेळ घ्या, अंतर ठेवा, बोलून बघा. चालत्या गाडीवर गोळी झाडायची नाही. मान आवळायची नाही. पोलीस युनियन याविरुद्ध कोर्टात गेली, तरी नियम टिकले.

टेकडीवरचा तो रुंद प्रश्न, ते दोन-चार सेकंद आलेच कसे, आता पोलिसांच्या नियमपुस्तकात उतरला होता.

राज्य पातळीवरही गोष्टी हलल्या. २०१९ पासून कॅलिफोर्नियात पोलीस गोळीबाराच्या नोंदी जनतेला मागता येतात. २०२० पासून नवा कायदा लागू झाला. त्यानुसार जिवावर बेतेल असं बळ वापरताना ते ‘आवश्यक’ होतं का, हे बघावं लागतं. यामागे राज्यभरातल्या अनेक वस्त्या आणि अनेक आया होत्या, एकट्या मिशनचं श्रेय नाही.

आणि तरी. २ जून २०२० ला बर्नल हाइट्समध्येच वाढलेला २२ वर्षांचा शॉन मॉन्टेरोसा शेजारच्या वल्लेहो शहरात मारला गेला. पोलिसाने गाडीच्या मागच्या सीटवरून, समोरच्या काचेतून गोळ्या झाडल्या. त्याच्या खिशात हातोडी होती, पोलिसाला ती बंदूक वाटली. जॉर्ज फ्लॉइडसाठीच्या याचिकेवर सही करा, असा मेसेज त्याने त्या रात्री बहिणींना पाठवला होता. मग त्या बहिणी रस्त्यावर उतरल्या. लढणाऱ्यांची पुढची पिढी अशी तयार होते, कुणी हौसेने होत नाही.

हवाही उलटी फिरते. मार्च २०२४ मध्ये याच शहराच्या मतदारांनी पोलिसांचे अधिकार वाढवणारा आणि कमिशनचे हात थोडे बांधणारा प्रस्ताव मंजूर केला. गुन्हेगारीची भीती वाटणाऱ्या लोकांचं म्हणणंही शहरात आहे, आणि ते सगळेच दुष्ट नाहीत. गाडीची काच फुटली की राग येतोच. मिशनमधल्या आयांनाही पोरं रात्री सुखरूप घरी यायला हवीत. सुरक्षा हवी आणि जाबही हवा, या दोन्ही मागण्या एकाच तोंडून येऊ शकतात, एवढंच माझं म्हणणं.

मग यातून आपण काय घ्यायचं? मी काही समाजशास्त्रज्ञ नाही, पण तीन गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या.

पहिली. हे काम फार जुनं आहे. १९६९ मध्ये मिशनमध्ये एक पोलीस मारला गेला आणि सात लॅटिनो तरुणांवर आरोप आले. त्यांना ‘लोस सिएते’ म्हणजे ‘सात जण’ म्हणत. त्यातल्या सहा जणांवर खटला चालला आणि १९७० मध्ये ते निर्दोष सुटले. पण त्यांच्या बचावासाठी जमलेल्या पोरांनी तेवढ्यावर न थांबता मोफत दवाखाना चालवला, मुलांना नाश्ता दिला, ‘बास्ता या’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. ‘बास्ता या’ म्हणजे ‘आता पुरे’. आपलं ‘बास’ आणि त्यांचं ‘बास्ता’, बघा किती जवळचं वाटतं! २०१६ ला फुटपाथवर जी एकजूट दिसली ती हवेतून आली नव्हती.

दुसरी. हॅशटॅग दोन दिवस चालतो. बुधवारची बैठक परत परत येते. दोन्ही लागतात, पण नियम दुसऱ्या ठिकाणी बदलतात. तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा नाहीतर न्यू जर्सीत, तुमच्या शहरात ही ‘बुधवारची बैठक’ कुठे भरते, ते एकदा शोधून ठेवा.

तिसरी आपल्यासाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तीत भाड्याने राहायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी. आपण नव्या भागात जातो तेव्हा तिथे आधीपासून कोण राहतं हे आपल्याला माहीत नसतं. सोसायटीच्या ग्रुपवर आणि शेजारपाजारच्या ॲपवर ‘संशयास्पद माणूस दिसला’ असे मेसेज पडतात. फोन करूच नका असं मी म्हणत नाही, धोका असेल तर जरूर करा. पण फोन करताना जे दिसलं तेवढंच सांगा. जे वाटलं ते वेगळं ठेवा. ‘कमरेला काहीतरी काळं आहे’ आणि ‘बंदूक आहे’ या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, हे आता तुम्हाला माहितीये. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं, रखवालदाराचं, रोज बाकावर बसणाऱ्या पोराचं नाव माहीत करून घ्या. ज्याचं नाव माहीत असतं तो सहसा संशयास्पद दिसत नाही.

टेकडीवरच्या वेदीचं काय झालं, असं विचाराल. डिसेंबर २०१६ मध्ये नगरमंडळाने तिथे ॲलेक्सचं कायमचं स्मारक करायला मंजुरी दिली. कोर्टात हरलेल्या कुटुंबाला शहराने जागा दिली.

चला, आज एवढंच. तुमच्या शहरात पोलिसांबद्दल तक्रार करायची असेल तर नेमकं कुठे जायचं, प्रत्यक्ष काय अनुभव येतो, हे कुणाला माहीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नावं न घेता पाठवा. पुरेशा आल्या तर पुढचा एक भाग त्यावरच करू. काळजी घ्या, भेटूया!